ज्याला जिथं बरं वाटतं

बाबांच्या फोटो स्टुडिओच्या किल्ल्या सोमवारी नव्या भाडेकरूला द्यायच्या होत्या, म्हणजे दरवर्षीचा घरचा फोटो रविवारीच व्हायला हवा होता. आणि ताईने तर ठणकावून सांगितलं होतं, "मी आईला भेटायला येईन. फोटोत उभी राहणार नाही."

हे दादाने, तिच्या थोरल्या भावाने, बायकोला सांगितलं तेव्हा ती स्टुलावर चढून करड्या पडद्याची धूळ झटकत होती. तिला सगळं घर वहिनी म्हणायचं, आता आता तर दादाही म्हणायला लागला होता. ती खाली न उतरताच म्हणाली, "बरोबरच आहे तिचं. तिच्या जागी मी असते तर आईंना भेटायलासुद्धा आले नसते. तुमचं तोंड बघावं लागलं असतं ना."

यावर दादा बोलणार काय, कपाळ! आई मोरीत घसरून पडली, दवाखान्यात ठेवावं लागलं, आणि पोटच्या मुलीला ते तिसऱ्या दिवशी औषधांच्या दुकानात कळलं. "आता कशा आहेत आई?" असं दुकानदाराने सहज विचारलं, आणि ताई काउंटरला धरून नुसती उभी राहिली.

वाईट कुणीच चिंतलं नव्हतं, हीच तर गंमत. घराचा फोनवर पूर्वी एकच ग्रुप होता, 'घरचे' नावाचा. त्यावर वाढदिवस, हरवलेल्या छत्र्या, काकांची रोज सकाळची फुलं. मग निवडणूक आली. सगळ्यांत धाकटा भाऊ बस डेपोत माईकवरून गाड्यांच्या घोषणा करतो. पाळण्यात असल्यापासून त्याचं नाव भोंगा. तो एका पक्षाच्या बातम्या टाकायला लागला. ताई वाचनालयात ग्रंथपाल. ती दुसऱ्या पक्षाच्या टाकायला लागली. भांडण म्हणावं असं भांडण झालंच नाही. ताईने फोनमध्ये भोंग्याचा आवाज बंद करून टाकला. भोंग्याने 'चहा' नावाचा वेगळा ग्रुप काढला, त्यात नाक मुरडणार नाहीत एवढीच माणसं घेतली. मग ताईने 'निवांत' काढला. काकांना राजकारणातलं ओ की ठो कळत नाही, पण 'चहा'वर त्यांच्या फुलांना पटापट अंगठे मिळायचे, म्हणून काका तिकडे गेले. काका गेले म्हणून त्यांची मुलं गेली. मुलं गेल्यावर ताईचे यजमान म्हणाले, आता आपण दोघंच 'घरचे'वर काय करतोय? झालं. हळूहळू 'घरचे'वर कुणी फिरकेना.

दोन्हीकडे होता फक्त दादा. इकडचं तिकडे न्यायचं, आणि नेताना त्यातलं कडू तेवढं गाळायचं, हा त्याचा धंदाच होऊन बसला होता. आई पडली त्या दिवशी दवाखान्याच्या बाकावर बसून त्याने घाईघाईने तोच निरोप दोनदा पाठवला. दोन्ही वेळा 'चहा'वरच. भोंग्याला वाटलं, दादा घाबरलाय म्हणून दोनदा पाठवतोय. बाकीच्यांना वाटलं, 'निवांत'वरही पडलाच असेल. ताईला एक फोन करावा असं दोघा-तिघांच्या मनात आलं होतं, नाही असं नाही. पण ताईशी बोलायचं म्हणजे शब्द तोलून बोलायचं, त्याचा कंटाळा. एवढ्याशा कंटाळ्यापायी मुलगी आईपासून लांब राहिली.

"चुकून झालं, असं सांगितलंत का तिला?" वहिनीने विचारलं.

"सांगितलं."

"मग?"

"म्हणाली, दादा, तुमच्या चुकासुद्धा नेहमी एकाच बाजूला कशा रे होतात?"

वहिनीने फडकं दोनदा जोरात झटकलं. 

रविवारी ताई आली ती लेकीला घेऊन, आणि दारातच थबकली. स्टुडिओ निम्मा रिकामा झाला होता. छत्रीचे दिवे भिंतीला टेकवून ठेवले होते, पासपोर्ट फोटोंच्या कटरला गोणपाट गुंडाळलं होतं. काळोख्या खोलीचं दार सताड उघडं. तिथे बाबा असेपर्यंत कुणाची दार उघडायची छाती नव्हती. रसायनांचा तो आंबट वास मात्र भिंतींनी अजून सोडला नव्हता. ताईने तो छाती भरून घेतला आणि तिचे डोळे भरून आले. चिडून यायचं ठरवलेल्या माणसाने असल्या जागी येऊच नये.

आई मधल्या बाकावर बसली होती, तोच लाल मखमलीचा, कडेने उसवलेला. वहिनी तिच्या उजव्या बाजूने वाकून विचारत होती, "आई, चहा देऊ?" दवाखान्यातून आल्यापासून ती आईशी त्याच बाजूने बोलत होती. ते कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

"आलीस?" आई म्हणाली. फक्त एवढंच. पण हात पुढे केला, आणि ताईने तो धरला. हात केवढासा झाला होता! ताई हळू म्हणाली, "दुखतंय का गं अजून?"

"आता काही नाही. तेव्हा दुखत होतं," आई म्हणाली.

ताईला ते लागलं. तेव्हा तू कुठे होतीस, असंच तिला त्यात ऐकू आलं. खुलासा करायला तिने तोंड उघडलं, तेवढ्यात जिन्यावरून आवाज आला, "अरे दार उघडंच ठेवलंय? चोर शिरला तर घेऊन काय जाईल, तिपाई?"

भोंगा. माणूस दिसायच्या आधी आवाज पोचायचा. मागून त्याची बायको, त्यांच्या मागून धापा टाकत काका. भोंगा आत आला, ताईला पाहिलं, आणि एरवी साऱ्या डेपोला ऐकू जाणारा माणूस पुटपुटला, "कशी आहेस?"

"आहे."

संपलं. तो पंख्याखाली गेला, ती खिडकीशी. काका दोघांच्या मध्ये उभे राहिले, इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, आणि पंख्याखाली गेले. त्यांना उकडत होतं.

जिन्याच्या भिंतीवरचे घरचे फोटो दादाने उतरवून गठ्ठा करून ठेवले होते. ताईची लेक ते एकेक करून जमिनीवर मांडायला लागली, वर्षाच्या क्रमाने, पार दारापर्यंत. कुणी तिला सांगितलं नव्हतं. मोठ्यांच्या अबोल्यात पोरांना हाताला काहीतरी काम लागतं.

"अय्या, आई, तुझा पुढचा दात कुठे गेला?"

"याने पाडला," ताई म्हणाली. बोट भोंग्याकडे होतं, नजर नव्हती.

"चेंडूने पाडला!" भोंगा लगेच म्हणाला. "मी नुसता फेकला होता."

काका खुसखुसले. वहिनी चहाचा ट्रे घेऊन आली तीही वाकून बघायला लागली, मग तिची धाकटी जाऊ, म्हणजे भोंग्याची बायको, मग दादा. बघता बघता सगळे फोटोंच्या दोन्ही बाजूंना गुडघ्यांवर. आधी बाबांच्या वेळचे फोटो. त्यात सगळे एकमेकांच्या अंगावर, कुणाचा हात कुणाच्या खांद्यावर हे शोधावं लागावं असे. बाबांचा एकच नियम होता. गिऱ्हाइकांना ते उंचीप्रमाणे उभं करायचे, हनुवटी धरून मान वळवायचे. घरच्या फोटोत मात्र कुणाला जागा द्यायची नाही. "ज्याला जिथं बरं वाटतं तिथं उभं राहा," कॅमेऱ्यावरच्या काळ्या कापडाखालून त्यांचा आवाज यायचा. "मी ठेवलेली माणसं मला रोज दिसतात. तुम्ही कसे आहात ते बघू द्या."

"त्यांचा आवाज आत्ता ऐकू आल्यासारखा वाटला," वहिनी म्हणाली. तिने डोळे पुसले, आणि त्याबद्दल कुणी तिला चिडवलं नाही.

मग ते फोटोंच्या ओळीने पुढे सरकत गेले, आणि हसणं कमी होत गेलं.

पहिल्यांदा बोलली ती ताईची लेकच. "मामा, ही मध्ये जागा कसली आहे?"

"ती माझी," दादा म्हणाला. बाबा गेल्यापासून फोटो तोच काढायचा. कॅमेऱ्याला वेळ लावायचा आणि पळत जाऊन आईच्या मागे, मधोमध उभं राहायचं. "माझ्यासाठी सोडतात."

"हो, पण मामा, तू काही एवढा जाड नाहीस."

खरंच होतं. पहिल्या वर्षी दादापुरती फट होती. पुढच्या वर्षी दोन माणसं मावली असती. त्याच्या पुढे खुर्ची. शेवटच्या दोन फोटोंत तर मधोमध आई बाकावर, मागे एकटा दादा, आणि दोन बाजूंना दोन घोळके, जणू वेगवेगळ्या लग्नांना आलेली माणसं. आणि हा शहाणा इतकी वर्षं समजत होता, की भावंडं आपल्याला ऐसपैस जागा देतात!

"बघ, इथे तू सरकलीस," भोंगा म्हणाला.

"दिव्याची धग लागत होती. आणि तू? तू इथे उडी मारून काकांपलीकडे गेलायस, ते?"

"तुझ्या यजमानांनी मला तासभर मतांचे आकडे ऐकवले होते जेवताना. फोटोतही पुन्हा तेच? जरा श्वास घ्यायला गेलो."

"काका, तुम्ही इथे होतात, मग पुढच्या वर्षी तिकडे?" ताईने विचारलं.

"अगं, तिकडे माझ्या विनोदांना हसतात," काका म्हणाले. लपवाछपवी त्यांना कधीच जमली नाही.

ताईची लेक शेवटच्या फोटोपाशी बसली होती. "कुणीच कुणाला ढकललेलं नाही," ती म्हणाली. "प्रत्येक जण पाऊलभरच सरकलाय. आपल्यासारखं माणूस एक तरी शेजारी असावं म्हणून."

"एकटं पडायला कुणाला आवडतं?" धाकटी जाऊ म्हणाली. ती या घरात क्वचितच बोलायची. "मी यांच्याबरोबर असते म्हणून मला सगळे यांच्याच मताची समजतात. ताई, मी तुमच्या 'निवांत'वर यायचं म्हणत होते एकदा. तिथे वाचायच्या पुस्तकांचं असतं ना? पण म्हटलं, मला हेर समजाल."

 भोंगा बायकोकडे पहिल्यांदाच बघावं तसा बघायला लागला.

आता खरं तर इथेच सगळं निवळायला हवं होतं. पण ताईच्या मनातला काटा वेगळाच होता, आणि तो आता वर आला. तिने बाबा गेल्यानंतरचा पहिला फोटो उचलला, मग दुसरा, मग तिसरा.

"बाकीच्यांचं जाऊ दे," ती म्हणाली. "आईचं बघा. मी दरवर्षी तिच्या उजव्या हाताला असते, हा भोंगा डाव्या. आणि दरवर्षी आईचं तोंड याच्याकडे. एकदा झालं असतं तर मी काही म्हटलं नसतं. मी दर खेपेला जिन्यावरून येता-जाता हे बघितलंय. तुम्ही सगळे सरकलात, त्याचं मला काही नाही. पण आईनेही बाजू निवडली ना? मग दवाखान्यात मला बोलवायचं कुणाला आठवेल कशाला?"

तिचा आवाज मुळातच वाचनालयातला. रागावली की तो आणखी खाली जायचा.

बाकावरून आई म्हणाली, "काय म्हणतेय ती? मला काही कळत नाहीये. इकडून बोल गं, या बाजूने."

 वहिनी उठून उभी राहिली. "आई, आता सांगा," ती म्हणाली. "नाहीतर मी सांगते."

"तू गप्प बस."

"नाही बसणार. दवाखान्यात डॉक्टरांनी सांगितलं तेव्हापासून गप्पच आहे."

आईने सुस्कारा सोडला, आणि डाव्या कानावर हात ठेवला, पोरं ओरडली की ठेवतात तसा. "हा गेलाय," ती म्हणाली. "पार गेलाय. तुमचे बाबा गेले तेव्हा मला ताप आला होता ना, त्यात. घरात आधीच रडारड, त्यात मी कानाचं कुठे सांगत बसू? मग राहूनच गेलं. आणि खरं सांगू का, निवडणुकीच्या दिवसांत बरं पडलं मला ते."

हसावं की नाही ते कुणाला कळेना. काका हसले.

"तू हळू बोलतेस," आई ताईला म्हणाली. "लहानपणापासून. फोटोच्या वेळी तू दरवर्षी वाकून काहीतरी सांगायचीस, बाबांबद्दल. ते ऐकायला मला हा उजवा कान तुझ्याकडे पुढे करावा लागायचा. कान तुझ्याकडे केला, की तोंड आपोआप त्याच्याकडे. मी काय करणार? डोकं एकच आहे."

ताईच्या हातातले फोटो तसेच राहिले. दरवर्षी ती वाकायची, हे खरं होतं. 'आज बाबा हवे होते,' एवढंच म्हणायची. तिला वाटायचं आईने ते कधी ऐकलंच नाही, कारण तिचं लक्ष धाकट्याकडे.

"म्हणजे," भोंगा म्हणाला, "तू माझ्याकडे बघत नव्हतीस?" तो पन्नाशीचा बाप्या आहे, डेपोत त्याला साहेब म्हणतात. त्याचा चेहरा तेव्हा बघायला हवा होता. त्याचंही त्या फोटोंवर बरंच काही उभं होतं.

"बघत होते रे बाबा. डोळे तुझ्यावर, कान तिच्यावर. एका बाईने आणखी किती वाटून द्यायचं?"

ताई उठली. आईच्या उजव्या बाजूला गेली आणि जमिनीवर बसून तिच्या मांडीवर डोकं टेकवलं. "मला कळवलंच नव्हतं गं कुणी," ती म्हणाली. "तिसऱ्या दिवशी कळलं. मग रागाने मीच आले नाही."

आईने दादाकडे पाहिलं. हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. "आणि मी दाराकडे डोळे लावून होते," ती म्हणाली. "मला वाटलं, भोंगा इथे आहे म्हणून तुलाच यायचं नसेल. म्हटलं, असो, तिला जिथं बरं वाटतं तिथं राहू दे."

यावर ताई मोठ्याने रडली. तिचा एवढा मोठा आवाज त्या घरात कुणी कधी ऐकला नव्हता. आईला तो कान पुढे न करताही ऐकू आला. दादा समोर येऊन उभा राहिला, म्हणाला, "चूक माझी आहे, आई. सगळी माझी." भोंगा म्हणाला, "मला दोनदा आला होता निरोप. मी एक फोन केला असता तर? मीही केला नाही." आणि मग खिशातून रुमाल काढून, कुणाकडे न बघता, तो ताईसमोर धरला.

"धुतलेला आहे का?" ताईने विचारलं.

"तुझ्या पक्षाने धुतलाय. विश्वास ठेव."

"मग नक्कीच स्वच्छ असेल."

"हे बघा, सुरू झाली," भोंगा म्हणाला. त्याला इतकं बरं बऱ्याच वर्षांत वाटलं नव्हतं.

उन्हं पडद्यावरून सरकायला लागली तसा दादाला धंदा आठवला. "चला, उजेड जातोय. ज्याला जिथं बरं वाटतं तिथं उभे राहा." आणि त्याला धडकी भरली. कारण बोलता बोलता पुन्हा सगळे आपापल्या सवयीच्या बाजूंना निघाले होते. मनात काही नव्हतं कुणाच्या, पायांना वाट पाठ होती. ताईसुद्धा उजवीकडे, भोंगा डावीकडे, मध्ये दादाची ती जागा.

आई उठली. वहिनीने धरायला हात पुढे केला तो तिने बाजूला केला. "बाक उचला," ती म्हणाली. "तिकडे, पार त्या डाव्या टोकाला, पडदा संपतो तिथे."

"आई, फ्रेम बिघडेल," दादा म्हणाला. "एका बाजूला सगळं वजन जाईल."

"तुझ्या बाबांचा नियम आहे ना? मला आज त्या टोकाला बरं वाटतंय. डाव्या हाताला कुणी यायचं म्हटलं तरी भिंत आहे. ज्याला माझ्याशी बोलायचंय त्याने या बाजूला यावं. मला सगळ्यांचं ऐकायचंय."

बाक हलवला. पडदा केवढा तो, आठ माणसं एका बाजूला मावायची म्हणजे खांद्याला खांदा, पायावर पाय. काका म्हणाले, मला उकडतंय. सरकायला जागाच नव्हती. ताई आईला लागून, तिला लागून भोंगा, त्याच्या बायकोला मध्ये ओढून ताईची लेक, वहिनी काकांच्या पुढ्यात. ताईचे यजमान उशिरा आले, गाडी लावायला जागा मिळाली नव्हती म्हणत, आणि काय चाललंय हे न कळताच गर्दीत ढकलले गेले.

दादाने कॅमेऱ्याला वेळ लावला. लाल दिवा लुकलुकायला लागला. तो पळाला, आणि पोचल्यावर त्याच्या लक्षात आलं, की आपली जागाच नाही. कुठेच फट नव्हती. आयुष्यात पहिल्यांदा कुणी त्याच्यासाठी जागा सोडली नव्हती, आणि त्याला ते इतकं आवडलं, की तो होता तिथेच सगळ्यांच्या पायांशी फतकल मारून बसला.

"माझ्या पायावर उभी आहेस," मागे भोंगा म्हणत होता.

"आवाज बंद कर," ताई म्हणाली, आणि आईच्या कानाशी वाकली.

तो फोटो आता दादाच्या घरी दारासमोरच लावलाय. धंद्याच्या नजरेने बघितलं तर अगदीच वाया गेलेला. भोंग्याचं तोंड उघडं, काकांचे डोळे मिटलेले, दादाचं नुसतं टक्कल. आणि टोकाला आई, सगळ्या मुलाबाळांकडे पाठ फिरवल्यासारखी, रिकाम्या भिंतीकडे बघत बसलेली. नवा माणूस घरी आला की हटकून विचारतो, आजी रुसल्या होत्या का हो त्या दिवशी? घरातलं जे कुणी दार उघडायला गेलेलं असतं ते सांगतं, नाही, ती आमचं ऐकत होती.